आरोपी परत आला तर

दर रविवारी दुपारी प्रधानकाका न्यू लिन उपनगरातल्या आपल्या गॅरेजात एका बुटावर खटला चालवतात.

बूट ट्रॅम्पिंगचा, म्हणजे डोंगरभटकंतीचा आहे, चिखलाने कडक झालेला. तो आरोपी म्हणून प्लास्टिकच्या खुर्चीत बसतो. त्याला धुवायची सक्त मनाई, कारण काकांच्या मते चिखल हा पुरावा. न्यायाधीश स्वतः काका. वॉशिंग मशीनमागे उभे राहून ते झाकणावर खलबत्त्यातला बत्ता आपटतात. मी त्यांच्याकडे खोली घेऊन राहतो, म्हणून आरोपीचा वकील मी. खरं तर मी फळबागशास्त्र शिकतो. पहिल्या रविवारी तसं मी चाचरत सांगून पाहिलं.

"अख्ख्या घराण्यात कॉलेजात गेलेला तू पहिला ना? मग जमेल. उभा राहा!"

खटला अमेरिकेतल्या जुन्या काळच्या एका घोडदळाच्या सेनापतीवर आहे; बूट त्याच्या जागी. सरहद्दीवर त्याने वाटाड्यांचं ऐकलं नाही, आणि एका टेकडीवर तो आपल्या माणसांसकट मारला गेला. इतिहास इथे संपतो. काकांचं कोर्ट इथून सुरू होतं.

"मेला म्हणून सुटला लेकाचा! समजा, माणसं गेली आणि हा परत आला. मग?"

"युवर ऑनर, शत्रू एवढा मोठा असेल याची त्याला कल्पना नव्हती."

"वाटाड्यांनी सांगितलं होतं!"

"पण त्याचा आधीचा अनुभव..."

"अनुभव गेला चुलीत! मुद्द्यावर या, वकीलसाहेब!"

एरवी काका अगदी साधे. कोपऱ्यावरच्या डेअरीवाल्याला 'किया ओरा' असा इथला नमस्कार करून दूध आणतात. कडाक्याच्या थंडीतही जँडल्स, म्हणजे रबरी चपला घालतात. बूट का घेत नाही विचारलं, तर म्हणतात, "आता कुठे जायचंय?"

निकाल मात्र कधी लागला नाही. ती वेळ आली की काका मशीनचं झाकण उघडायचे. "कोर्ट तहकूब. चादरी राहिल्यात."

गेल्या रविवारी मी धीर करून म्हटलं, "काका, एकदा निकाल द्या ना. बिचारा किती दिवस बसणार?"

काकांनी बत्ता उचलला. ते मशीनमागून बाहेर आले आणि बुटासमोर उभे राहिले. त्यांची दाराकडे पाठ होती, त्यामुळे लोणच्याची बरणी घेऊन दारात आलेल्या सुनंदावहिनी त्यांना दिसल्या नाहीत. वहिनी पुकेकोहेला राहतात. त्यांचे यजमान विनूकाका हे काकांचे जिवलग मित्र. ते गेले, एवढंच मला ठाऊक होतं.

"तुला डोंगरातल्या रेंजरने बजावलं होतं," काका बुटाला म्हणाले. "वर पाऊस झालाय, नदी चढणार, उद्यापर्यंत थांबा. तू काय म्हणालास? सह्याद्रीतले ओढे ओलांडलेत आम्ही, भर पावसात! आणि विनूला म्हणालास, चल रे, घाबरतोस काय..."

अमेरिकेतल्या त्या टेकडीवर विनू कुठून आला, हे समजायला मला थोडा वेळ लागला.

"भाऊजी," वहिनी म्हणाल्या.

काकांच्या हातातला बत्ता हवेतच राहिला.

"दर शनिवारी मी कामावर गेले की माझं लॉन कापून जाता. शेजारीण सांगते मला. दार एकदाही वाजवलं नाहीत."

"कुठल्या तोंडाने वाजवू?" काका म्हणाले. "निकाल तुम्हीच द्या, वहिनी. असेल तो द्या."

वहिनींनी बूट उचलून खाली ठेवला आणि त्या स्वतःच खुर्चीत बसल्या.

"माफ केलं, असं मला म्हणता येत नाही. खोटं कशाला बोलू? पण हे तरी कुठे थांबणारे होते!" बरणी त्यांनी मांडीवर धरून ठेवली होती. "येत्या शनिवारी मी घरीच आहे. लॉन झालं की जेवायला थांबा. दोघांपुरतं रांधायची सवय जात नाही माझी. रोज उरतं."

आता काका कोर्ट तहकूब करतील असं मला वाटलं. पण ते जँडल्समधल्या आपल्या पायांकडे बघत राहिले. काहीतरी करावं म्हणून मी बूट उचलायला वाकलो.

"राहू दे," काका म्हणाले. "मी धुतो."