आभाळाची किल्ली

वही. श्रावण शुद्ध ३, सन १९७४. शुक्र पहाटे स्वच्छ. पाणी दिले. तक्रार नाही.

‘तक्रार नाही’ हे हंबीररावांनी मुद्दाम लिहिलं होतं, कारण त्याआधी वर्षभर तक्रारच होती. बंधाऱ्यावरून येणारा पाट एक आणि त्यावर ऊस दोघांचे, हंबीररावांचा आणि त्यांच्या चुलतभावाचा, नाथाजीचा. दिवेलागणीपासून पहाटे चारपर्यंत पाणी हंबीररावांचं, चारपासून दुपारपर्यंत नाथाजीचं. आणि चार वाजायचे नाथाजीच्या मनगटावर. ते घड्याळ दिवसाला पाव तास पुढं पळायचं आणि काटे मागं घ्यायला नाथाजी हमखास विसरायचा.

शेवटी फौजेतून हवालदार होऊन परतलेल्या हंबीररावांनी भावकीला पारावर बसवलं.

"घड्याळाला किल्ली माणूस देतो," ते म्हणाले. "आभाळाला कोण देतंय? पहाटंची चांदणी डोंगरावर आली की मी माझं दारं मोडून पाणी नाथाजीकडं वळवणार. घोटभर जास्त घेतलं, तर ह्या मिशा उतरवून ठेवीन."

मिशा मोठ्या होत्या. भावकीनं माना डोलावल्या.

वही. भाद्रपद. शुक्र रोज थोडा उशिरा. नियमाप्रमाणे.

नियम हंबीरराव फौजेत शिकले होते. नाथाजीला तो उसातून कळला. चांदणी उशिरा, म्हणजे त्याचं पाणी उशिरा. आश्विनात तर ती उजेडात पार विरघळून गेली.

"दादा, आज बी न्हाई?"

"न्हाई."

"मग माझ्या उसानं काय दव चाटायचं?"

"आभाळाचा कारभार हाय, गड्या. मी काय करू?"

नाथाजीच्या मनगटावर आता घड्याळाऐवजी कातडीवरचा नुसता फिकट पट्टा उरला होता.

वही. आश्विन वद्य १. शुक्र परत! डोंगराच्या माथ्यावर. पूर्वीपेक्षा तेजस्वी.

वही. आश्विन वद्य ५. तासभर लवकर. नियमाप्रमाणे (?)

कंसातलं चिन्ह खोडून हंबीरराव बांधावर गेले आणि शब्दाप्रमाणे दारं मोडून आले. त्यांच्या पत्नी साळूबाई अंगणात पदर लपेटून डोंगराकडं बघत उभ्या होत्या.

"आवं, ही लुकलुकत न्हाई."

"शुक्र ग्रह हाय. ग्रह लुकलुकत न्हाईत."

"वर बी चढत न्हाई."

"टक लावून बघत बसल्यावर कशी चढंल?"

"आन मघाशी भक्कन गेली ती?"

"धुकं."

"धुक्याला बटण असतंया व्हय?"

हंबीरराव शिस्तीचे होते. त्यांनी आत जाऊन वहीत ‘धुकं’ लिहिलं.

वही. दिवाळी. शुक्र मध्यरात्री.

वही. कार्तिक शुद्ध ३.

पुढं कोरं. कारण लिहायचं म्हटलं तर असं लिहावं लागलं असतं, की आपल्या खालच्या वाफ्यातल्या उसाची पानं वळू लागली आहेत, नाथाजीचा ऊस काळाभोर झालाय आणि तो येता-जाता म्हणतोय, "आभाळाचा कारभार हाय, दादा." पण पारावरचा शब्द होता, आणि आरशात मिशा होत्या.

दोन दिवसांनी गावातलं भजन सुटायच्या आत चांदणी उगवली. हंबीररावांनी दारं मोडलं, काठी घेतली आणि थेट चांदणीच्या दिशेनं चालू लागले. वर पोचेपर्यंत त्यांची छाती भरून आली.

चांदणी भैरोबाच्या देवळाला टांगलेली होती. आता ती विझवलेली होती, पण बल्ब अजून गरम होता. आत कोंडीबा गुरव घोंगडीत बसून पेंगत होता.

"कोंडीबा! हे कवा लावलंस?"

"दसऱ्याला डोंगरापल्याडच्या आमच्या गावाला लाईट आली, तवा. कोजागिरीपास्नं काकडा सुरू झाला, की चारला दिवा लावतो, आरती करतो, आन इझवून उजडायची वाट बघतो." त्यानं जांभई दिली. "औंदा उजडंनाच लवकर. थंडीची रात लय वाढलीया बघा."

"चार वाजलं हे तुला कोण सांगतं?"

कोंडीबानं देवाकडं हात जोडले. भैरोबाशेजारी खिळ्याला एक मनगटी घड्याळ लटकत होतं. हंबीररावांनी ते अंधारातसुद्धा ओळखलं असतं.

"तुमच्या नाथाजीनं बायकोच्या हातनं धाडलंय. म्हणाला, आमच्यात आता आभाळ चालतंय, घड्याळ देवाला."

"आरं, हे पुढं पळतंय! काटं मागं घ्यायचं न्हाईत?"

"देवाच्या काट्यांला हात कसा लावू, हवालदार? किल्ली तेवढी देतो."

हंबीरराव पायरीवर बसले. खाली पाटाचं पाणी खळखळत नाथाजीच्या उसात शिरत होतं. वर खरं आभाळ पसरलं होतं, मृगाच्या तीन ताऱ्यांचं तिकांडं नीट आपल्या जागी होतं, त्याची कुणाशी तक्रार नव्हती. पारावर जाऊन खरं सांगायचं, तर अवघ्या भावकीपुढं म्हणावं लागणार होतं, की मी तीन आठवडे एका बल्बाला पाणी सोडलं.

"कोंडीबा," ते म्हणाले, "पुनवंला काकडा संपतो न्हवं? ह्या साली संपवू नगंस. देवाला थंडी बारा महिने असती. लाईटबिल माझ्याकडं."

तेव्हापासून हंबीरराव रोज दिवस मावळताना डोंगर चढतात. भैरोबाला हात जोडतात, माफी मागतात आणि मावळत्या सूर्याकडं बघून काटे जागेवर आणतात. गाव म्हणतं, हवालदार लय देवभोळा झाला. नाथाजी म्हणतो, दादाचं आभाळ आता लय वक्तशीर झालं. साळूबाई काहीच म्हणत नाहीत, फक्त ते निघाले की विचारतात, "निघाला व्हय बटणाकडं?"

वही. कार्तिक वद्य १. शुक्र चारला. तक्रार नाही. किल्ली दिली.