साडूभाऊंची होडी

पोळ्याच्या दिवशी लोक बैल सजवतात. आमचे साडू बबनराव होडीचं सुकाणू सजवतात.

खोटं वाटेल, पण मी या डोळ्यांनी बघितलंय. नगरच्या नागापुरात एमआयडीसीच्या मागं त्यांचं घर. सकाळीच ते लाकडी धूड अंगणात घ्यायचं, गरम पाण्यानं अंघोळ घालायची, मग तेल, मग हिंगूळ, वर बाशिंग. दुपारी हातगाडीवर बसवून मारुतीच्या देवळाला फेरी. एकदा वाटेत एका म्हाताऱ्यानं थट्टेनं विचारलं, "काय बबनराव, किती दाती?" साडू गंभीरपणे म्हणाले, "जुळलाय आता, समदे दात आलेत. पण कामाला लई गुणी!"

घरी आल्यावर सुकाणूला पुरणपोळीचा घास. ते काही खात नाही, म्हणून तो घास दरवर्षी माझ्या वाट्याला येतो. माझी तक्रार नाही. पुरणपोळी कमलआक्काच्या हातची असते.

कमलआक्का म्हणजे बबनरावांची बायको, माझ्या बायकोची थोरली बहीण. मी सोनईचा, माझा कांद्याचा टेम्पो आहे. आणि होडी? होडी कोकणात, एका खाडीच्या धक्क्याला! इथून टेम्पोनं निघालं की माळशेज उतरेपर्यंत कंबर कामातून जाते, आणि पुढं अजून निम्मी वाट असते. तरुणपणी बबनराव तिकडं होड्यांच्या कारखान्यात फिटर होते. मालकानं कारखाना बंद करताना ही जुनाट शिडाची होडी यांच्या गळ्यात मारली. शहाण्या माणसानं तिचं सरपण केलं असतं. हे नागापुरात राहून तिला जपतात. पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर झाकून ठेवायची, शीड आणि सुकाणू घरी आणायचं, दिवाळीनंतर परत न्यायचं. आणि हमाली कुणी करायची? साडू आहे की!

"होडी म्हंजी घरचं जनावर हाय, साडूभाऊ. रोज बघावं लागतं."

आता नगरात बसून रोज बघणार कसं? तर व्हिडिओ कॉल. धक्क्यावर एक म्हातारा नाखवा आहे, मासेमारी करणारा. त्याचा जीव खातात. "जरा पोटाखालनं दाखीव. हां. आता फोन लाव तिच्या अंगाला, पानी झिरपतंय का ऐकू दे." नाखवा बिचारा फोन लावतो, आणि हे इकडं डोळे मिटून ऐकतात.

भरती-ओहोटीसुद्धा पाळतात. माझ्या पोरीच्या सुपारीला शेवगावची पाहुणेमंडळी आलेली. आता सुपारी फोडणार, एवढ्यात बबनराव उठले. "थांबा! आत्ता ओहोटी चाललीय. भरती लागू द्या." पाहुण्यांना वाटलं, आमच्या घराण्याची काही रीत असेल. हात जोडून बसून राहिले. चहावर चहा झाला. मी नुसता दातओठ खात होतो. अखेर साडूंनी मोबाईलमध्ये बघून मान हलवली, "लागली. फोडा!" पोरगी सुखात नांदतेय, त्यामुळं आता बोलायचीही सोय राहिली नाही.

एकदा तर त्यांनी शीड धुऊन गच्चीवर बांबूला ताणून वाळत घातलं. गल्लीला वाटलं, लग्नाचा मांडव पडला. दुपारी चार बायका हळद फोडायला मुसळ घेऊन दारात हजर! "लग्न कुणाचं?" आक्का काय सांगणार? तिनं चौघींना पोहे खाऊ घातले.

त्या शिडाची फाटतूट आक्काच शिवते, घरच्या मशीनवर. पण होडीत तिनं कधी पाय ठेवला नव्हता. तिचा धाकटा भाऊ लहानपणी पाटाच्या पाण्यात वाहून गेला, तिच्या डोळ्यांदेखत. तेव्हापासून वाहतं पाणी दिसलं की ती तोंड फिरवते. आणि साडूंची आयुष्यभराची इच्छा एकच, कमलनं एकदा होडीत बसावं. म्हणाले मात्र कधी नाहीत. नुसते रंग देत राहिले.

गेल्या दिवाळीत शिवता शिवता आक्काच म्हणाली, "यंदा मी येते. पर होडी बांधलेली पायजे. दोर सोडायचा न्हाई."

बबनराव येडेच व्हायचे बाकी राहिले! होडीला नवा रंग, बसायला गादी, आक्काला लाइफ जॅकेट. मी धक्क्यावर उभा राहणार होतो, तरी एक मलाही घातलं.

आक्का माझा हात धरून होडीत उतरली आणि डोळे घट्ट मिटून बसली. साडू तिच्यासमोर, सुकाणूपाशी. तासभर होडी जागच्या जागी डुलत होती. वारा असा सुटला होता की माझी टोपी गेली खाडीत. शिडाच्या होडीला याहून काय हवं? नाखवा शेजारच्या होडीतून ओरडला, "शीड सोडा की, बबनशेट! असा वारा पुन्हा गावायचा नाय!"

"वारा कुठं हाय?" बबनराव शांतपणे म्हणाले. "पडलाय आज."

मी बघतच राहिलो. हा माणूस या दिवसासाठी म्हातारा झाला होता.

आक्कानं एक डोळा उघडला. "वारा न्हाई व्हय? मग माझा पदर कोन वढतंय?"

साडू खाली वाकून गादी सारखी करायला लागले.

"सोडा दोर," आक्का म्हणाली.

"राहू दे, कमल. तू बसलीस, माझं समदं झालं."

"भ्या तर वाटनारच हाय. तुमी हाय ना म्होरं? सोडा म्हनते ना!"

बबनरावांनी घाईत गाठ उलटीच ओढली, ती आणखी घट्ट बसली. शेवटी मीच धक्क्यावरून दोर सोडला. खोटं कशाला बोलू, मलाही नीट दिसत नव्हतं. शीड वर गेलं, भरलं, आणि होडी अशी निघाली की आक्का किंचाळली. मग हसली. लहान पोरीसारखी मोठ्यानं हसली. तिचं असं हसणं मी लग्नापासून कधी ऐकलं नव्हतं.

बबनराव सुकाणू धरून एकटक तिच्याकडं बघत होते, आणि होडी सरळ नाखव्याच्या होडीवर चालली होती.

"अवो, पुढं बघा!" नाखवा दोन्ही हात हलवत बोंबलत होता. "बबनशेट, पुढं बघा, पुढं!"