वयात आलेला नर

गोल्डफिशमधलं मला कळतं. ज्यांना कळत नाही त्यांचा मला संताप येतो, आणि अशी माणसं नेमकी माझ्याच घरात निघावीत!

त्या सकाळी माशांच्या शेडमध्ये मेहुणा आमच्या सगळ्यांत मोठ्या नराच्या टाकीशी उकिडवा बसला होता.

"दाजी, याच्या कल्ल्यांवर पांढरे ठिपके आलेत. किडा लागलाय. दूर ठेवू याला."

माझं डोकंच फिरलं. "किडा तुझ्या डोक्यात! नर वयात आला की कल्ल्यांवर असे दाणे येतात. त्याला औषध नको, माद्या हव्यात." आणि मेहुण्याची जिरवायची म्हणून मी तो नर उचलून थेट माद्यांच्या हौदात सोडला. वर्षभर वाढवलेला विक्रीचा सगळा माल त्याच हौदात होता, आणि आठवड्याभरात व्यापारी तो न्यायला येणार होता.

थोड्याच दिवसांत हौदातले मासे भिंतींना अंग घासायला लागले.

"खाज सुटलीय त्यांना," बायको म्हणाली.

"लाडात आलेत."

"आणि माद्यांच्या शेपटीवर ठिपके कसे?"

"नराचे लागले असतील."

"अहो, एकाचं दुसऱ्याला लागतं, त्यालाच रोग म्हणतात."

मी चिडून बादलीला लाथ मारली. बादली भरलेली होती. मग लंगडत लंगडत दोघा बहीणभावांना शेडबाहेर काढलं आणि दाराला कुलूप घातलं.

व्यापारी आला तेव्हा हौदातला एकही मासा ठिपक्यांवाचून उरला नव्हता. त्याने पाण्यात घालायला पुढे केलेला हात मागे घेतला.

"हे काय?"

"वयात आल्याच्या खुणा," मी खेकसलो. "आधी हा नर बघा, मग बोला."

त्याने नाइलाजाने नर हातात घेतला आणि पोटावरून हलकेच अंगठा फिरवला. तळहातावर पिवळसर अंडी ओघळली.

"नर झकास आहे," तो म्हणाला. "बाळंत व्हायला आलाय."

मग त्याने साबण मागून कोपरापर्यंत हात धुतले आणि रिकाम्या पिशव्या गाडीत टाकून निघून गेला. वर्षाची कमाई हौदात तशीच अंग घासत राहिली.

मासे निदान जगावेत म्हणून मेहुणा मिठाची गोणी खांद्यावर घेऊन आला. बायकोने पाणी उपसायला घेतलं. दोघंही एक शब्द बोलत नव्हती. अहो, काहीतरी टोचून बोलायचं ना! निदान मला भांडता तरी आलं असतं.