झोपेचा दाखला

पिंप्राळ्यात नवे घर पुरे झाले, की नगरपालिकेचे ओव्हरसियर कौतिक आबा तिथे येऊन झोपत. भर वैशाखात, दुपारी दोन वाजता, उघड्या फरशीवर, पंच्याची घडी डोक्याखाली घेऊन. झोप लागली तर पूर्णत्वाचा दाखला. न लागली तर "तवा शे", म्हणजे घर तव्यासारखे तापते, एवढेच म्हणून ते सायकलवर टांग टाकत.

ही तपासणी कोणत्याच नियमात नव्हती. गार घर बांधणाऱ्याला घरपट्टीत सूट द्यावी, असा अर्ज ते दरवर्षी सभेपुढे ठेवत आणि सभा तो दरवर्षी चहाच्या कपांबरोबर बाजूला सारत असे. मग आबांनी आपल्या हातातली सूट शोधून काढली. नकाशात उंच झरोके आणि पश्चिमेला जाड भिंत दिसली, की त्याच दिवशी परवानगी, वर कडुनिंबाचे एक रोप. नुसत्या काचा दिसल्या, की फाइल कपाटात. "पिकू द्या जरा," ते म्हणत, "कच्ची शे अजून."

आमचीही फाइल अशीच पिकून बाहेर पडली होती. आता दाखल्यावाचून नळजोड अडला होता आणि मी शेजारून घागरी वाहत होते.

आबा आले, आडवे झाले, आणि दहा मिनिटांत उठून बसले.

"तवा शे, वहिनी."

"स्लॅब आहे, आबा. तापणारच," माझे यजमान म्हणाले.

"जामनेरला आमच्या मामाचं मातीच्या धाब्याचं घर होतं. भर मे महिन्यात गोधडी लागायची."

"गोधडी?"

"पातळ," आबांनी तडजोड केली.

त्यांच्या सांगण्यावरून कुंभाराकडची गाडीभर मडकी गच्चीवर उपडी मांडली, फटींत माती भरली, वर चुन्याचा कोबा केला.

"घरात लग्न आहे का?" शेजाऱ्यांनी मडकी पाहून विचारले.

"नाही," यजमान म्हणाले, "ओव्हरसियरला झोप येत नाही."

चुना वाळला. गच्ची सायीसारखी पांढरी झाली, आणि खालच्या खोलीत पाणी शिंपडलेल्या अंगणाचा गारवा उतरला.

पुढच्या खेपेस आबा रिक्षातून आले. एका कृश बाईंना त्यांनी हाताला धरून उतरवले. त्यांच्या पत्नी, अक्का.

"आज ही तपासेल," ते म्हणाले. मग झरोक्याकडे पाहत, जणू त्यालाच सांगत असल्यासारखे पुटपुटले, "क्वार्टरला वर पत्रा शे. दुखण्यानं अंथरूण धरलं तेव्हापासून हिला दुपारची झोप नाही. तीन उन्हाळे झाले."

अक्कांनी फरशीवर तळवा टेकवला, जरा वेळ तसाच ठेवला, आणि त्या कुशीवर वळल्या. वाळ्याच्या ओल्या पडद्यातून वारा येत होता. हळूहळू त्यांचा श्वास लांबला. बांगड्यांची किणकिण थांबली.

यजमानांनी अधीरपणे दाखल्याचा कागद आणि पेन पुढे केले. आबांनी त्यांचा हात मधेच धरला.

"उद्या," ते अगदी हलक्या आवाजात म्हणाले. "आत्ता कागद वाजेल."