देखरेखीखालचे मूग

जगात कोणतीही वाढ देखरेखीशिवाय होत नाही. मुलं, झाडं, पगार आणि पोट (यातलं शेवटचं अपवाद मानावं) या सगळ्यांकडे कुणीतरी डोळे वटारून बघावं लागतं. तपासनीस साहेबांचा या सत्यावर गाढ विश्वास होता. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या कामाकडे बघण्यात घालवली, आणि या काळात स्वतः काही केल्याचा ठपका त्यांच्यावर एकदाही आला नाही.

निवृत्तीनंतर मात्र पंचाईत झाली. घरात बघण्यासारखं काम करणारी एकटी बायको, आणि तिने दुसऱ्याच दिवशी सांगून टाकलं, "माझ्या ओट्याशी येऊन उभं राहायचं नाही. हातातलं भांडं सुटतं माझ्या." दूधवालाही ऐकेना. या घरात आपलं ऐकणारं कुणी उरलं नाही, हे साहेबांच्या फार जिव्हारी लागलं. म्हणून त्यांनी मूग हाती घेतले. मूग उलटून बोलत नाहीत.

योजनेचा अधिकृत हेतू काटकसर हा होता. "बाजारातले मोड म्हणजे शुद्ध लूट! घरच्या घरी फुकटात होतात," असं जाहीर करून त्यांनी फुकटात होण्यासाठी लागणारं सामान त्याच संध्याकाळी आणलं: मऊ सुती फडकं, भोकांचं भांडं, पाण्याची पिचकारी, तापमापी आणि भिंतीवरचं नवं घड्याळ (जुन्यावर मूग सोपवण्याइतका भरवसा नव्हता). बचत करायची तर हात सैल सोडावाच लागतो. कंजूष माणसाला काटकसर परवडत नाही.

मूग रात्री भिजवायचे, सकाळी निथळून फडक्यात बांधायचे, उबदार अंधारात ठेवायचे. इतपत कुणाचीही आजी सांगेल. साहेबांनी त्यात तपासणीची भर घातली. साहेब जागे असेपर्यंत दर तासाला पुरचुंडी सोडून मूग चिवडले जात. मागे पडलेल्यांना बाजूला काढून समज दिली जाई. अंधार पुरेसा पडला आहे की नाही, हे साहेब कपाटात बॅटरी मारून बघत.

आणि काय आश्चर्य, मोड आले! एकसारखे, पांढरेशुभ्र, नजर लागावी असे.

"अगंबाई! गुण आहे हो तुमच्या हाताला," बायको म्हणाली. साहेब त्या दिवशी दोन घास जास्तच जेवले. लग्नानंतर इतक्या वर्षांनी तिने पहिल्यांदाच त्यांचं काही वाखाणलं होतं.

मग दर आठवड्याला मोड येऊ लागले. इमारतीतले निवृत्त पुरुष शिकायला आले, त्यात समोरचे मास्तर सर्वात उत्साही. पाहणीत असं आढळलं, की साहेबांच्या पद्धतीने सर्व विवाहित पुरुषांचे मोड हमखास येतात. वरच्या मजल्यावरच्या अविवाहित कारकुनाचे मात्र दरवेळी कुजले. त्याची निष्ठा कमी पडते, असा निष्कर्ष निघाला.

एकदा बायकोची बहीण पाय घसरून पडली, आणि बायको तिच्याकडे राहायला निघाली. दारात थबकून म्हणाली, "मी येईपर्यंत मूग नाही भिजवले तर नाही का चालणार?"

"छे! उलट आता निवांत देखरेख होईल."

"बरं बाई," म्हणत ती गेली.

यावेळी फडकं सोडलं आणि साहेबांनी नाक धरलं. मूग बुळबुळीत, वास असा की मांजर उठून गेलं. त्यांनी पुन्हा भिजवले, तपासणी दर अर्ध्या तासाला केली. ते आणखी लवकर कुजले. त्याच संध्याकाळी बायको येणार होती. तिला आपली एवढी एकच गोष्ट आवडते, तीही गेली तर मग घरात आपण आणि कोपऱ्यातलं स्टूल सारखेच, असं त्यांना वाटलं.

टोपी कपाळावर ओढून, ओळखीचं कुणी नाही ना हे बघत ते बाजारात गेले.

"काका, तुम्ही?" भाजीवाली म्हणाली. "काकू नाही आल्या वाटतं. त्यांची नेहमीची पुडी काढून ठेवलीय बघा."

साहेबांनी पुडी उघडली. एकसारखे, पांढरेशुभ्र.

"आणि समोरच्या मास्तरीणबाईंचीही न्याल का? तेवढाच त्यांचा हेलपाटा वाचेल."

साहेबांनी तीही नेली. घरी येऊन फडकं धुतलं, मोड बांधले आणि कपाटात ठेवले. बायकोने आल्या आल्या, चपलाही न काढता, फडकं सोडलं. एकदा मोडांकडे बघितलं, एकदा साहेबांकडे.

"आले की हो. मी नव्हते तरी."

"देखरेख," साहेब खालच्या आवाजात म्हणाले.

त्यावर दोघांनीही मूग गिळले. आता पुडी साहेबच आणतात, बायको ती बांधते, आणि दोघं मिळून नवल करतात. खर्च तेवढाच होतो, पण हेलपाटा तिचा वाचतो. योजनेत झालेली ही पहिली खरी बचत.

तुम्ही हसताय. हसा. पण तुमच्याही देखरेखीखाली घरात काहीतरी अगदी सुरळीत चाललं असेलच. त्याचं फडकं सोडून बघायच्या भानगडीत पडू नका. आम्ही भाजीवालीला सहज विचारलं होतं. तुमचं घर तिला चांगलंच माहीत आहे.