श्वास घेतलास का?

आमच्या भोईवाड्यातल्या चाळीत सगळे "चहा झाला का?" असं विचारतात. शेजारची शकूमावशी विचारते, "श्वास घेतलास का गं?" मला ऑफिसला उशीर होत असतो आणि हिचं हे! एकदा वैतागून म्हटलं, "नाही मावशी, सकाळपासून तशीच आहे." तर जिन्यातच उभं करून तिने मला दहा श्वास मोजायला लावले. बस गेली ती गेलीच.

बुद्धविहारात आनापान, म्हणजे श्वासावर लक्ष ठेवायचं ध्यान, शिकून आली आणि हे सुरू झालं. गॅलरीत सतरंजी टाकून वज्रासन, नाकाखाली बोट, श्वास आत, श्वास बाहेर. नळाला पाणी आलं तरी बाई हलायची नाही. "मन पळतंय बघ, धरून आण त्याला." वर खोटं बोलणंही बंद. जो मनाने इथे नसतो तोच खोटं बोलतो, हे तिचं शास्त्र. माझ्या भावाच्या साखरपुड्याला मुलीच्या आईने घरचे लाडू आणले. "कसे झालेत?" त्यांनी हौसेने विचारलं. "दगड," मावशी म्हणाली. सोयरीक मोडता मोडता वाचली.

पण तिच्यावर फार वेळ रागावता यायचं नाही. हे सगळं काकांसाठी होतं. तिचा नवरा दोन वर्षांपासून एकेक माणूस विसरत चालला होता. मला विसरले, पोटच्या मुलाला विसरले. मावशी तेवढी उरली होती. "माझं लक्ष उडालं ना, की मी त्यांच्यातून निसटते," ती म्हणायची. "मी पुरती इथे असले तर ओळखतील." असं होत नसतं गं मावशी. पण तोंडावर बोलायची माझी छाती झाली नाही.

परवा रविवारी वाटीभर कालवण द्यायला गेले. काका पलंगावर, मावशी समोर, त्यांचे हात हातात घेऊन. "श्वास घ्या. सोडा. आता बघा माझ्याकडे."

काकांनी नीट बघितलं. मग अदबीने म्हणाले, "बाई, तुम्ही माझं फार करता. पण आमची शकू कुठाय?"

"अहो, मीच शकू. इथेच आहे."

"नाही हो. तिला बोलवा ना!" काका घाबरले, रडायलाच लागले. त्यांना धाप लागली.

मला मावशीकडे बघवेना.

"मार्केटात गेलीय," ती म्हणाली. "येईल एवढ्यात."

काका शांत झाले. हळूहळू श्वासही जाग्यावर आला.

"ती येईपर्यंत बसाल ना?"

"बसते," मावशी म्हणाली.