वाघरीची गाठ

बिरूआप्पांशी मी एकदा खोटं बोललो आणि पुढे महिनाभर ते सांभाळत बसलो. दोनच शब्दांचं खोटं होतं. शाळामास्तराला तेवढे पुरतात.

पण आधी आप्पा सांगायला हवेत. मी राहू गावच्या शाळेवर होतो तेव्हा शेजारच्या अंगणात ते रोज सकाळी बाजेवर पालथे पडून हातपाय मारत. वय बासष्ट, डोक्याला फेटा. त्यांची बायको, साळूमावशी, भाकरी थापता थापता आतून विचारत, "पोचला का पल्याड?"

आप्पा धापा टाकत म्हणत, "गप, दम मोडतो."

त्यांचा जन्म मेंढरांमागे गेला, पण पोहणं आलं नाही. नदीला पाणी असलं की ते कुणाच्यातरी म्हशीचं शेपूट धरून पल्याड जात. एकदा ऐन मध्यावर म्हशीचा विचार बदलला आणि ती माघारी वळली. आप्पाही वळले. "जनावराचं मन मोडू न्हाई," एवढंच म्हणाले. गाव त्यावर चाळीस वर्षं हसत होतं.

पुढे मेंढरं विकून ते कांद्यात स्थिरावले आणि एक दिवस मला म्हणाले, "गुरुजी, पवायला शिकवा. घाई न्हाई, पर आजच." त्यांचं प्रत्येक गोष्टीत असंच असे. घाई न्हाई, पर आजच.

दुष्काळात खोल नेलेली मळ्यातली विहीर पुढच्या साली काठोकाठ भरली होती. पोरं पाठीला वाळका भोपळा बांधून शिकत, तसा आप्पांनीही बांधला. फेटा मात्र काढेनात. "पान्यात गेलो म्हनून काय उघड्या डोक्यानं?"

पोरं विचारत, "आप्पा, शेपूट कुठाय?"

"तुजं दे."

मला हसू येई आणि मागोमाग लाज वाटे. मी तिशीतला. तबला शिकायचं मनात होतं, ते 'आता काय वय राहिलंय' म्हणून सोडून दिलेलं. आणि हा माणूस ओठ निळे पडेपर्यंत पाण्यातून निघत नव्हता. त्याच्याकडे बघत मी पायरीवर नुसता बसून राही.

भोपळ्याची दोरी ते स्वतःच बांधत. मेंढरं कोंडायच्या जाळीला, म्हणजे वाघरीला, मारतात ती गाठ. "लांडग्यानं वढली तरी सुटनार न्हाई. हे मोकळं टोक वढलं तरच सुटती," त्यांनी मला दाखवलं होतं. त्या गाठीच्या भरवशावरच ते पाण्यात उतरत.

शिकणाऱ्याच्या नकळत भोपळा सोडायचा, हा आमच्याकडचा रिवाज. एका रविवारी काठावर दहाबारा मंडळी बसली होती. मला माझी शिकवण दाखवायची हौस आली. पोटाखाली हात धरल्यासारखं करून मी टोक ओढलं. भोपळा मागे राहिला आणि आप्पा पुढे गेले. फेट्यासकट, एकटे, निम्मी विहीर.

तेवढ्यात वरून कुणीतरी म्हणालं, "आप्पा, भोपळा तर तकडं हाय."

आप्पांनी मान वळवून बघितलं आणि दगडासारखे तळाला निघाले.

मी त्यांना ओढून पायरीवर आणलं. पाणी ओकून झाल्यावर त्यांनी विचारलं, "गाठ सुटली?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "सुटली असेल."

गावाला विषय मिळाला. पारावर लोक विचारू लागले, "आप्पा, तुमी वाघर बांधायचा तवा लांडग्यांची चंगळच आसंल?" आप्पा विहिरीवर येईनात, बाजेवरही पालथे पडेनात. मी मागच्या वाटेने शाळेत जाऊ लागलो.

महिन्याने साळूमावशींनी मला गाठलं. "गुरुजी, दिसभर बाजंच्या पायाला दोरी बांधत्यात आन् वढून बघत्यात. म्हनत्यात, हातातलं गेलं."

मग आवाज उतरवून म्हणाल्या, "माजं म्हायेर भीमंकाठी. पोरीपनी मी नदी पवून पल्याड जायाची. लगीन झालं आन् पान्यात पाय घातला न्हाई. बायकू पुढं पवती आन् नवरा मागं शेपूट धरून, लोकं काय म्हनतील? त्ये ह्यांच्या मनाला लागून व्हतं. म्हनले, मी शिकतो, मंग दोघं जाऊ. तुजं गुडघं धड हायेत तवर."

आप्पा अंगणात दोरी घेऊन बसले होते. मी त्यांच्यासमोर खाली बसलो.

"आप्पा, गाठ सुटली नव्हती. मी सोडली होती. भोपळा सुटल्यावर निम्मी विहीर तुम्ही एकटे पोहलात. तेही मी सांगितलं नाही."

त्यांचे हात थांबले. "निम्मी?"

"निम्मी."

त्यांनी दोरी गुंडाळून बाजेवर ठेवली. मग म्हणाले, "मला सांगून काय उपेग, गुरुजी? पारावर सांगा."

पारावर तेच सगळे बसलेले होते. माझ्या मागे आप्पा येऊन उभे राहिले, त्यांच्या मागे डोक्यावरचा पदर सावरत साळूमावशी. माझ्या वर्गातल्या पोरांचे बापही होते.

मी म्हणालो, "आप्पांची गाठ सुटली नव्हती. ती मी सोडली आणि दोष त्यांच्या हातावर ढकलला." मग वळून त्यांच्यापुढे हात जोडले. "चूक माझी आहे, आप्पा. मला माफ करा."